माहेरच्या वंशावळीचं काम: बडोदं, प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

दादाला (मोठा चुलतभाऊ, पुण्याचा) येत्या गुढीपाडव्याला घराण्याचा वंशवृक्ष छापून वाटायचा आहे. "बडोद्याचं तू बघ, तू तिथेच असतेस," असं सांगून त्याने तक्ता माझ्याकडे सोपवला. तक्त्यात सगळे पुरुषच आहेत. बायकांच्या जागी काही ठिकाणी 'पत्नी' एवढं, बाकी ठिकाणी तेही नाही. अगदी वर खापरपणजोबांचे वडील, आणि त्यांच्याही वर मोठ्या अक्षरात: 'पिलाजीराव गायकवाडांसमवेत गुजरातेत आगमन'.

ही कथा लहानपणापासून ऐकते आहे. पण पिलाजीराव १७३२ मध्ये डाकोरला मारले गेले आणि त्यांच्या मुलाने, दमाजीरावांनी, बडोदं कायमचं घेतलं ते १७३४ मध्ये. आमच्या तक्त्यातला सर्वांत वरचा माणूस फार तर १८०० नंतर जन्मलेला. मध्ये निदान तीन-चार पिढ्या हव्यात. कथा आहे, माणसं नाहीत.

कामाची पद्धत आधीच ठरवून टाकते. नोकरीभर मी हिशेबतपासणी केली, त्यामुळे दुसरं काही येत नाही. संस्थानाच्या दप्तरात कोणाची नोंद उगाच होत नाही. सरकारने पैसा दिला किंवा घेतला, की माणूस कागदावर येतो. तेव्हा नाव शोधत बसायचं नाही. घरात पैसा कुठल्या खात्यातून यायचा ते शोधायचं.

२१ नोव्हेंबर

बाबाजीपुऱ्यात आत्याकडे. पत्र्याची पेटी उघडली. वर दुधाच्या जुन्या हिशेबाच्या वह्या, मग आजोबांची पत्रिका, पेन्शनीचे गुजराती कागद, आणि तळाशी गोल शिक्क्याचा एक मोडी कागद, घडीवर फाटलेला. भाचीने तिथेच मोबाइलवर सगळ्याचे फोटो काढले.

आत्या म्हणाली, "बाबा छप्पन्नातले. आजी म्हणायची, पोरगं दुष्काळात झालं, म्हणून हाडाचं बारीक."

दादाच्या तक्त्यात आजोबांचं जन्मसाल १८५६! म्हणजे १९३८ साली जेव्हा आत्या जन्मली तेव्हा आजोबा ब्याऐंशी वर्षांचे. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिला हसू आवरेना.

छप्पन्न म्हणजे विक्रम संवत १९५६, छप्पनिया दुष्काळाचं वर्ष. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो. कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करायचे, जानेवारीपासून आश्विन संपेपर्यंत ५६. म्हणजे १८९९ च्या नोव्हेंबरपासून १९०० च्या दिवाळीपर्यंतचं वर्ष. पत्रिकेत संवत १९५६, शके १८२२, ज्येष्ठ शुद्ध असं आहे. शकात ७८ मिळवले की १९०० येतं, संवतातून ५६ काढले तरी १९०० च येतं. तिथी जूनच्या पहिल्या आठवड्यात पडते. दोन्ही सनांचा मेळ बसतो, म्हणून पत्रिका ग्राह्य. पत्रिका मागाहून कुणी बनवून घेतली असेल तर नेमकं इथेच फसायला होतं, म्हणून दोन्ही सन पडताळल्याशिवाय तारीख तक्त्यात घालायची नाही.

२ डिसेंबर

कोठीत, दक्षिण वर्तुळ अभिलेखागारात. अर्ज, ओळखपत्राची प्रत, विषय काय, कशासाठी. मी आडनाव सांगितलं. टेबलापलीकडचे भाई नम्रपणे म्हणाले, "बेन, नामथी नहीं मळे. खातुं कहो."

फार बरं वाटलं. हा माझाच माणूस.

तर खातं. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे घरात 'पागेची नेमणूक', म्हणजे घोडदळाकडून ठरलेली रक्कम, येत असे. गायकवाडांच्या फौजेत शिलेदार आणि पागा होत्या, आणि पागेत नुसते घोडेस्वार नव्हते. दाणा-वैरणीचा हिशेब, हजेरी, पगारवाटप हे सगळं कारकुनाकडे. आमच्या घरात घोड्यावर बसल्याची गोष्ट सांगतात, पण पेटीत दौत आणि बोरूची कलमदाणी निघाली, तलवार नाही. मी हजेरी-नेमणुकीचे कागद मागितले.

नोंद ठेवते: जुन्या मोडी कागदांत आडनाव बहुधा नसतंच. माणसाचं नाव आणि पुढे बापाचं. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे तीच जोडी एक पिढी सोडून उलटी येते. अमुक तमुक, तमुक अमुक, पुन्हा अमुक तमुक. साल धरल्याशिवाय नुसती नावं जुळवणारा माणूस हमखास दोन पिढ्यांची एक करतो.

९ डिसेंबर

पेटीतला मोडी कागद घेऊन दांडिया बाजारात मोडीच्या सरांकडे. निवृत्त शिक्षक आहेत. महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, तसे यांनाही तिकडून फोन येतात. "ताई, चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही, आता जेवायला फुरसत नाही," म्हणाले.

माझी मोडी अजून कच्ची. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला लटकवत हात न उचलता लिहीत जातात. शब्द कुठे संपला ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सर ओळ वाचत नाहीत, आधी मोठ्याने गुणगुणतात, मग कागदाकडे पाहतात. नेहमीचे मायने पाठ असले की फक्त नवा मजकूर वाचावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

कागदावर मिती अशी: छ ७ रबिलाखर, सन समान सलासीन मयातैन व अलफ. छ म्हणजे चंद्र. सन हा सुहूर सन, आकडे अरबी शब्दांत, एकंपासून चढत जाणारे. समान ८, सलासीन ३०, मयातैन २००, अलफ १०००. झाले १२३८. सुहूर सन मृगाला बदलतो, जूनच्या सुरुवातीला. जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढचा मृग लागेपर्यंत ६००. महिना रबिलाखर, तो त्या वर्षी जुलैत येतो. म्हणून १८३७ चा जुलै, दुसरा आठवडा. सयाजीराव दुसरे गादीवर होते.

मजकूर नेमणुकीचा आहे. खापरपणजोबांच्या वडिलांना पागेत कारकून म्हणून नेमलं. शेवटच्या ओळीत सर अडले, भिंग घेतलं, कागद खिडकीशी नेला. "उद्या या," म्हणाले.

१० डिसेंबर

ओळ लागली. 'मामाचे जागीं भाचा'.

मामा वारले, त्यांना मुलगा नव्हता, जागा पागेकडेच राहावी म्हणून बहिणीच्या मुलाला नेमलं. नवा असामी, मुक्काम कराडजवळच्या गावाहून आणवून. गावाचं नाव स्पष्ट आहे.

म्हणजे १८३७ पर्यंत आमचे लोक गावीच होते. पिलाजीरावांना जाऊन शंभरावर वर्षं लोटल्यावर एक विशीतला मुलगा मामाच्या जागेवर बडोद्याला आला. दादाला कळवायची घाई करत नाही. एका कागदावर इमारत उभारायची नाही. दुसरा, वेगळ्या हाताने लिहिलेला पुरावा पाहिजे.

२३ डिसेंबर

फडणीशी दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. आज फक्त रकमा उतरवल्या. शिकून ठेवण्यासारखं: रुपयांच्या आकड्यापुढची एक दांडी म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. '७॥' म्हणजे साडेसात रुपये. कागदाला वाळवीचं भोक पडलं असेल तर दांड्या मोजताना दोन वेळा प्रकाशासमोर धरायचं.

३ जानेवारी २०२५

पणजोबांच्या 'भानगडी'चा निकाल. घरात दबक्या आवाजात एक गोष्ट सांगतात: पणजोबा राज्याच्या नोकरीत होते, मधेच काहीतरी झालं आणि त्यांचा पगार कमी केला. काकांनी तर 'अफरातफर' हा शब्दही वापरला होता.

कागदात पगार खरंच कमी दिसतो. आधी २५, मग १९ च्या आसपास. पण हुद्दा तोच, टेबल तेच. शिक्षेचा हुकूम नाही, बदली नाही. फरक नाण्याचा आहे. गायकवाडांचं स्वतःचं नाणं बाबाशाही, आणि इंग्रजी नाणं कलदार. कलदार रुपयाची किंमत बाबाशाहीपेक्षा जास्त होती. विसाव्या शतकाच्या तोंडाशी राज्याने बाबाशाही बंद करून कलदार घेतलं, आणि सगळ्यांचेच पगार कागदावर खाली आले. त्याच पानावर वर-खाली बसलेल्या सगळ्या कारकुनांचे आकडे एकाच प्रमाणात घटलेत. कुणी एक जण अफरातफर करतो, अख्खं पान नाही.

हे मात्र काकांच्या मुलांना लगेच कळवलं. शंभराहून जास्त वर्षं माणूस विनाकारण चोर ठरला होता.

१५ जानेवारी

काल उत्तरायण, आज वासी उत्तरायण. सगळं बंद. गच्चीवर ऊंधियू-जिलेबी. काम नाही.

२२ जानेवारी

आजचा दिवस सबंध एका कागदाला दिला, आणि दिला ते बरं केलं.

खापरपणजोबा १८७० नंतर दोन-चार वर्षांत वारले असावेत, कारण त्यानंतर हजेरीत नाहीत. मल्हारराव १८७५ मध्ये पदच्युत झाले, दिवाण म्हणून टी. माधवराव आले, आणि जुन्या नेमणुकांची छाननी सुरू झाली. कोण जिवंत, कोण मयत, कोणाच्या नावाने कोण घेतो. छाननी म्हणजे कारकुनांना डोकेदुखी आणि माझ्यासारखीला पर्वणी. ज्या घरांचं आयुष्यभर कुणी काही लिहिलं नाही, त्यांना या वेळी अर्ज करावे लागले.

त्यात आमचा अर्ज आहे. अर्जदार खापरपणजी. 'अमुकबाई कोम अमुक', म्हणजे तिचं नाव आहे, नवऱ्याच्या आधी. (नाव इथे लिहीत नाही, तक्त्यात लिहीन. नोंदी भाची ज्याला त्याला पाठवते.) मजकूर नेहमीच्या धाटणीचा: घरीं कर्तें मनुष्य राहिलें नाहीं, मूल अज्ञान आहे, नेमणूक बंद झालियास निर्वाहाची सोय नाहीं. हे मूल म्हणजे माझे पणजोबा, तेव्हा सात-आठ वर्षांचे.

खाली लेखकाने 'निशाणी बांगडी' असं लिहिलंय, आणि शेजारी तिने स्वतःच्या हाताने काढलेलं वर्तुळ. कुणबी नांगर काढायचे, बायका बांगडी. हे वाचून माहीत होतं, घरच्या माणसाचं पहिल्यांदा पाहिलं. वर्तुळ पुरतं मिटलेलं नाही. बोरू टेकवला तिथे शाई साचून थेंब झालाय, मग रेघ डावीकडून वर गेली, वळताना दोनदा अडखळली आणि सुरुवातीच्या जागेपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर थांबली. बोरू हातात धरायची सवय नसलेल्या माणसाचा हात. आसपासचे लेखकाचे शब्द मात्र एका दमात झरझर उतरलेले.

पाठीमागे दुसऱ्या हाताने शेरा: दरमहा ७॥ चालवावें, मूल कामास येईतों. नवऱ्याची नेमणूक १५ होती. बरोबर अर्धी.

भाई जेवायला उठताना म्हणाले, "बेन, मळी गयुं ने?" मळी गयुं.

२९ जानेवारी

नक्कल मिळण्यासाठी अर्ज दिला. फोटो हवा तर वेगळी परवानगी. तोवर पेन्सिलने वर्तुळासकट हाताने उतरवून घेतलं.

५ फेब्रुवारी

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. सयाजीराव तिसऱ्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली, त्या जाळ्याचं हे मूळ. मला आज्ञापत्रिकेचे जुने खंड हवे होते. ही बडोदे राज्याची सरकारी पत्रिका: नेमणुका, बदल्या, रजा, पेन्शनी. तोवर कारभार मोडीतून बराचसा गुजरातीत आलेला, त्यामुळे सरांवाचून अडत नाही. पणजोबांच्या दोन बदल्या सापडल्या, एक नवसारी प्रांतात. आत्या म्हणते, "म्हणूनच आजी चिकूवाचून राहत नसे." कारण पटण्यासारखं आहे, तक्त्यात घालण्यासारखं नाही.

बडोद्याच्या कागदांत 'तहसीलदार' शोधू नये. तो इथे वहिवाटदार. जिल्ह्याला प्रांत, प्रांताचा वरिष्ठ सुभा. कचेरीतले असले शब्द अडले तर १९३१ चा 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' हाताशी ठेवावा, राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत दिलेत.

१२ फेब्रुवारी

आजोबांची शाळा. एका शाळेने "पन्नासच्या आधीचं उधईने खाल्लं" म्हणून दारातूनच परत पाठवलं, कपाट उघडायची तसदीही नाही. रावपुऱ्यातल्या दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी मात्र स्वतः धूळ झटकून जनरल रजिस्टर काढून दिलं.

आजोबा १९०७ मध्ये दाखल. १९०६ मध्ये बडोदे राज्यात सगळीकडे प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं (प्रयोग अमरेलीत १८९३ पासून), त्यानंतरचीच भरती. जन्मतारीख १ जून १९००. मास्तरांची ही लाडकी तारीख पाहिली की मी एरवी खोडूनच टाकते. पण पत्रिका जूनचा पहिला आठवडा सांगते, तेव्हा या एका मुलाच्या बाबतीत मास्तर जवळजवळ खरं बोलले.

खरी कमाई पुढे. सक्ती होती म्हणून गैरहजेरीला पालकाकडून दंड घेत. १९१२ च्या दंडाच्या यादीत पणजोबांचं नाव आहे, आठ आणे, आणि कारणाच्या रकान्यात मुलीचं नाव. आजोबांना बहीण होती! दादाच्या तक्त्यात नाही, आत्यानेही कधी उल्लेख केला नव्हता. विचारलं तर म्हणाली, "हो, बाबांची बहीण लहानपणीच गेली. बोलायचे नाहीत कुणी." सरकारने आठ आणे घेतले म्हणून ती मुलगी कागदावर उरली.

२६ फेब्रुवारी

नाशिकहून मावसबहिणीचा फोन. तिला नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे पाठवलं होतं. त्यांच्या वह्यांत आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की यात्रेला आलेल्या पूर्वजांच्या सह्यांची पानं निघतात. गाव मला १८३७ च्या कागदातून माहीत झालं होतं. त्याशिवाय ती दारातच अडली असती.

पान निघालं. शके १७८६, म्हणजे १८६४-६५. खापरपणजोबांनी स्वतः लिहिलंय: आपलं नाव, बापाचं, आजाचं, मूळ गाव कराडजवळचं, 'हल्लीं मुक्काम वडोदें'. आणि आजाच्या नावापुढे 'गांवीं मयत'. हाच दुसरा पुरावा, वेगळ्या हाताचा, वेगळ्या कारणाने लिहिलेला, बडोद्यापासून लांब ठेवलेला. वर एक पिढी वाढली आणि ती गावातच संपली.

खाली एक ओळ आणखी आहे: 'बापाचें मातुळघर वडोदें', आणि त्या मामांचं आडनाव.

३ मार्च

हे आडनाव घेऊन पुन्हा कोठीत. आता नाव नव्हे, पागा माहीत आहे, साल माहीत आहे. त्याच पागेच्या १८३७ च्या आधीच्या हजेऱ्या मागितल्या. मामा आहेत. मामांचे वडील आहेत, तेही पागेतच, पण कारकून नव्हेत: घोडा स्वतःचा, शिलेदार. आणखी मागचे रुमाल अजून पाहायचेत. पिलाजीरावांपर्यंत कागद पोचेल असं मला वाटत नाही. पण घोड्यावरून आल्याची कथा जर कुणाची असलीच, तर या घरची असेल. मामाच्या अंगणातून भाच्याने जागा उचलली, कलमदाणी आपली आणली आणि घोडा गोष्टीतून घेतला, असा माझा कयास. आणि ती गोष्ट घरात आणणारी, १८३७ च्या कारकुनाची आई. मामाची बहीण. तिचं नाव मात्र कुठल्याच कागदात नाही, कारण तिला सरकारने कधी काही दिलं नाही.

१० मार्च

दादाला सगळं पाठवलं: नकला, उतारे, सनांचा हिशेब.

दादाचा फोन रात्री. "म्हणजे पिलाजीराव काढायचे?"
"आपल्या नावावरून काढायचे. मामांच्या घराच्या नावापुढे प्रश्नचिन्ह घालून ठेवता येतील."
"अगं, पण तक्ता आपल्या घराण्याचा आहे."
"आपलं घराणं बडोद्यात आलंच मामामुळे, दादा."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "निदान दमाजीराव तरी लिही." दमाजीराव १७६८ मध्ये वारले. हेही त्याला सांगितलं.

१७ मार्च

तडजोड ठरली. वर पिलाजीराव नाहीत. पहिली ओळ कराडच्या गावच्या माणसाची, नाशिकच्या वहीप्रमाणे. त्याच्या बायकोच्या जागी 'बडोद्याच्या शिलेदार घराण्यातील कन्या', नाव रिकामं. खापरपणजीचं नाव पूर्ण, बांगडीची निशाणी छापायची की नाही ते नकलेच्या दर्जावर ठरेल. आजोबांची बहीण आजोबांच्या शेजारी. दादाच्या म्हणण्यानुसार लेकी घातल्या तर कागद मोठा लागेल, खर्च वाढेल. जादा कागदाचे पैसे मी देते म्हटलं.

पाडवा ३० तारखेला. छापखानावाला २४ पर्यंत मजकूर मागतोय. नक्कल अजून हाती आलेली नाही, उद्या कोठीत चौकशी. पागेच्या जुन्या हजेऱ्यांची मागणी पुढच्या महिन्यासाठी देऊन ठेवायची. कराडच्या गावच्या सातबाराचे जुने फेरफार दादाने बघायचे, ते त्याच्या बाजूचं काम. सरांना एक पाकीट पोचवायचंय. दर वेळी नको नको म्हणतात.